तू वर केलेला हात

दिग्या, तुझा तेरावा होऊन आज तिसरा दिवस, आणि माझा राग काही उतरत नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांना तुझ्याबरोबर खेळावं लागलं नाही.

तेराव्याची जेवणं आटोपली, मांडववाला ताडपत्री सोडायला लागला, आणि तुझी गौरी माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. हातात चार घड्यांचा एक गुलाबी कागद होता. मी लांबूनच ओळखला. आपल्या बास्केटबॉलच्या राज्य स्पर्धेतल्या अंतिम सामन्याची स्कोअरशीट, कार्बनची प्रत. तुझ्या कपाटात स्वेटरच्या खाली सापडली म्हणाली.

"काका, बाबांच्या नावापुढं दोन पॉइंट आणि पाच फाऊल. पाच झाले की माणूस बाहेर. बाबाच सांगायचे की शेवटची तीन मिनिटं त्यांनी बाकावरून बघितली. मला मात्र रोज घोकवायचे, चार झाले की हात पाठीमागं बांधल्यासारखं खेळायचं. मग स्वतः एवढ्या मोठ्या मॅचमध्ये असा फाऊल कसा केला?"

"खेळात होतं असं," मी म्हणालो.

"खरं सांगा ना. बाबा चांगले खेळायचे, का आता गेले म्हणून सगळे बोलतायत? पुढच्या महिन्यात माझी ट्रायल आहे. मला त्यांच्यासारखंच खेळता येतं, दुसरं येत नाही. ते खेळणं काही कामाचं नसेल तर आत्ताच सांगा."

मी गोळी घ्यायची राहिली म्हणालो आणि उठून गारखेड्याला घरी आलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, जिल्हा निवड समितीचा सदस्य, एकोणीस वर्षांच्या पोरीला घाबरून पळाला. त्याला जबाबदार तू आहेस. आणि तो कागद ठेवलास कशाला? जेव्हा जेव्हा मी त्या मॅचचा विषय काढला तेव्हा तू म्हणालास, "सोड ना शिरप्या, लई डोकं खातोस." मला सोडायला सांगत होतास आणि स्वतः स्वेटरखाली घडी घालून ठेवत होतास. मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही मी बघून घेतलं. काही नाही. लिहिलं असतंस तर निदान कळलं असतं की अभिमान म्हणून ठेवलास का माझ्या नावानं बोटं मोडायला.

शोकसभेचं सांगतो. तुला मजा वाटली असती. संघटनेचे सचिव बोलायला उठले आणि म्हणाले, "दिगंबररावांसारखा नेमबाज या जिल्ह्यात पुन्हा होणे नाही." नेमबाज! तुझा फ्री थ्रो रिंगला लागला तरी आपण टाळ्या वाजवायचो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. ज्या माणसानं तुला अर्धा तास खेळताना बघितलंय तो असं बोलूच शकत नाही. एक जण म्हणाला तू संघाचा आधारस्तंभ होतास. दुसरा म्हणाला ग्राउंडला तुझं नाव देऊ. तुझ्या हयातीत त्याच ग्राउंडवर यांनी तुला शिकवू दिलं नाही. मग मला बोलायला उभं केलं. मी चार वाक्यं बोललो, चारही गुळगुळीत, आणि खाली बसलो. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

तू चांगला खेळायचास का, हा काय प्रश्न झाला? उस्मानपुऱ्याच्या त्या सिमेंटच्या ग्राउंडवर तू पहिल्यांदा आलास तेव्हा तुझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते आणि तोंडात शेंगदाणे. गावाकडून अकरावीला आलेला, उंच, खांदे रुंद. मोईन सरांनी तुला बॉल दिला, तू तो लगेच मला दिलास. पुन्हा दिला, पुन्हा मला दिलास. सर वैतागले. "अरे, कायकू देरा उसकू? खुद डाल ना!" तू म्हणालास, "सर, तो मोकळा होता." सर हसायला लागले. एवढ्यावर तुझं सगळं आयुष्य ठरलं असं आता वाटतं. मोकळा कोण आहे ते तुला आधी दिसायचं, आणि तो तू कधीच नसायचास.

मला बास्केट टाकता यायची. बाकी मला काय यायचं? माझ्या वाटेत आलेल्या गड्याला तू छाती लावून अडवायचास, तो तुझ्यावर आदळायचा, तोवर मी मोकळा. लोक माझ्या नावानं ओरडायचे. तू जमिनीवरून उठून चड्डी झटकायचास. सर तुला कामाचा गडी म्हणायचे. पुढं ज्या ज्या संघात गेलास तिथल्या प्रत्येक कोचनं तुला हेच म्हटलं. मला आता त्या शब्दाची चीड येते. घरात कामाचा गडी असतो त्याला कोणी पंगतीत पहिलं पान वाढत नाही.

आता त्या तीन मिनिटांचं. तुला सांगायची गरज नाही, पण आपण दोघं त्यावर एकदाही धड बोललेलो नाही, म्हणून लिहून काढतो. आपण तीन गुणांनी मागं होतो. माझे चार फाऊल झाले होते, तुझेही चार. एका खात्याच्या संघाची माणसं समोर बसलेली, त्यांच्याकडे जागा एकच, आणि ती मिळाली तर कायमची नोकरी. हे सगळ्यांना माहीत होतं. रिंगवरून बॉल उडाला, त्यांच्या उंच गड्यानं तो पकडला आणि मी चिडून त्याच्या मनगटावर फाडकन मारलं. शिट्टी झाली. त्या गर्दीत आपल्या लाल जर्सीतले दोन हात होते, माझा आणि तुझा. पंचाला नेमका कोणाचा ते दिसलं नाही.

त्या काळी नियम होता की फाऊल ज्यानं केला त्यानं स्वतःच हात वर करायचा. आता तसं राहिलं नाही. पंच आपल्या दोघांकडे बघत होता. मी कंबरेवर हात ठेवून उभा होतो. आणि तू हात वर केलास.

आपल्या मराठीत हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं. ग्राउंडवर त्याच्या नेमकं उलटं होतं, तिथं हात वर केला की अंगावर घेतलं. तुला तेवढी ग्राउंडवरचीच मराठी यायची. तू बाकावर जाऊन टॉवेल डोक्यावर घेतलास. सरांनी सगळं पाहिलं होतं. टाइमआऊटमध्ये माझी जर्सी धरून, तुझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "उनो करा सो करा. अब तू डाल, नै तो मेरे सामने नक्को आ." मी टाकले. उरलेल्या तीन मिनिटांत सगळे पॉइंट माझे, आणि आपण एका गुणानं जिंकलो. मला खांद्यावर घेऊन नाचले तेव्हा मी वरून तुला शोधत होतो. तू पाण्याच्या बाटल्या गोळा करत होतास.

ती जागा मला मिळाली. तुझ्याबद्दल त्यांच्यातला एक जण म्हणाला होता, "तो दुसरा गडी चांगला आहे, पण दबावात फाऊल करतो." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. ते पुढं सगळीकडे तुझ्या आधी पोचायचं. मी तेव्हाच त्यांना सांगू शकलो असतो. मी तेवीस वर्षांचा होतो आणि घरी आईनं देवापुढं पेढे ठेवले होते. माझं चुकलं हे मान्य. पण तुला कोणी सांगितलं होतं रे हात वर करायला? मी मागितला होता का? तुझं मी काय घोडं मारलं होतं, की जन्मभर पुरेल असं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून तू निवांत शेंगदाणे खात बसलास?

आणि मग तुझी ती अठरा वर्षं. एका कारखान्याचा संघ, तो बंद पडला. एका बँकेचा संघ, तिथं करार अकरा महिन्यांचा, बाराव्या महिन्यात घरी. नागपूर, कोल्हापूर, इंदूर, मग पुन्हा कोल्हापूर. प्रत्येक ठिकाणी उरेल त्या नंबरची जर्सी. तुझ्याकडे चौदा वेगवेगळे नंबर होऊन गेले आणि त्यातला एकही तू मागून घेतलेला नव्हतास. कोणाचा मुख्य खेळाडू पाय मुरगळून बसला की तुला फोन यायचा. गरज सरो वैद्य मरो, तसं पुढच्या हंगामात पुन्हा सामसूम. तू मात्र दर वेळी बॅग भरताना असा खूश, जणू सासुरवाडीला दिवाळसणाला निघालास.

ती टीव्हीवरची लीग आठवते? एकच हंगाम चालली. तू एकोणचाळीसचा, संघातला सगळ्यात म्हातारा. तुला घेतलं होतं ते पोरांना ताळ्यावर ठेवायला आणि परदेशी धिप्पाड गड्यांना अडवायला. आम्ही गारखेड्याला सगळं घर टीव्हीसमोर बसलो होतो. तू चार मिनिटं खेळलास. समालोचकानं तुझं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा चुकीचं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन.

"शिरप्या, दिसलो का?"

"दिसलास की. आडवा पडलेला."

"व्हय, पण तो पडला का नाय माझ्यावर? फाऊल त्याचा धरला. बॉल आपला झाला!"

काय आनंद होता तुझ्या आवाजात. मी फोन ठेवला आणि बायकोवर उगाच ओरडलो. ती म्हणाली, तुमच्या मित्राला लागलंय का? मी म्हणालो, त्याला काही लागत नाही, तीच तर बोंब आहे.

गौरीवरून तर आपण शेवटपर्यंत भांडलो. पोरीला देवानं काय मनगट दिलंय, लांबून टाकते तर जाळीला आवाजसुद्धा होत नाही. आणि तू तिला काय शिकवलंस? अडव, दे, सरक. मी तुला तुमच्या पुंडलिकनगरच्या गच्चीवर म्हटलं होतं, "तिला टाकू दे, दिग्या. टाकणाऱ्यांचीच नावं राहतात." तू वाळत घातलेल्या मिरच्या उलथत म्हणालास, "तिला जे दिसतं ते करू दे. नावाचं काय करायचंय, शिरप्या, लोणचं घालायचंय का?" मी तणतणत खाली उतरलो. वहिनींनी केलेला चहा तसाच राहिला. त्यानंतर महिनाभर मी तुला फोन केला नाही, आणि त्या महिन्याच्या शेवटी तुझ्या छातीत दुखायला लागलं. तेही तू कोणाला सांगितलं नाहीस. दोन दिवस खांद्याला बाम चोळत, शाळेतल्या मुलींना रिंगखाली जागा कशी धरायची ते शिकवत राहिलास. वहिनी विचारत होत्या, तर "काय नाय, जुना मार हाय" म्हणालास. मूर्ख माणसा! जुना मार होताच, पण तो एकदा तरी दाखवायचा होतास. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरींच्या देखत खाली बसलास तो बसलासच. दोन रस्ते पलीकडे दवाखाना होता.

एक गोष्ट मात्र मी अजून टाळतोय. रागानं लिहायला लागलं की आपली बाजू आपोआप उजळ होत जाते.

बेचाळिसाव्या वर्षी खेळणं थांबवल्यावर तू प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होतास. समितीत मी होतो. टेबलावर चिवडा होता. तुझ्या अर्जात 'वैयक्तिक कामगिरी' हा रकाना जवळपास कोरा. एकानं विचारलं, सर्वाधिक गुण किती केलेत यांनी? अकरा. दुसरा म्हणाला, राज्याच्या फायनलमध्ये ऐन वेळी पाचवा फाऊल करून बाहेर गेलेला हाच ना? मग सगळे माझ्याकडे वळले. "श्रीपादराव, तुम्ही बरोबर खेळलात. तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "नियमात बसत असेल तर बघा."

एवढंच बोललो. आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो. तू बाहेर बाकड्यावर होतास, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बाहेर आल्यावर तू विचारलंस, "काय झालं रे?" मी म्हणालो, "हात वर केले लेकाच्यांनी." लेकाच्यांनी! तू मान डोलावलीस, मला चहा पाजलास आणि पुढच्या आठवड्यात एका खासगी शाळेत मुलींना शिकवायला लागलास. मी आत काय बोललो ते तू कधी विचारलं नाहीस. तुला कळलं होतं का? कळलं असेल तर माझ्या कानाखाली का नाही वाजवलीस? तेवढं केलं असतंस तर मी आज माणसात असतो.

आज सकाळी पुंडलिकनगरला गेलो. गौरी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. मी तिच्या शेजारी पायरीवरच बसलो, आणि तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या, फायनलची आणि चिवड्याची. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून गेलो असतो. शेवटी म्हणालो, "तू विचारलंस ना, बाबा चांगले खेळायचे का. माझ्यापेक्षा चांगले खेळायचे. जे मी टाकले ते सगळे त्यांनी मोकळं करून दिलेले होते."

मला वाटलं ती रडेल. किंवा मला घालवून देईल. तिनं नाडी ओढून गाठ मारली.

"तीन पॉइंटनी मागं होतात ना? मग बरोबरच केलं बाबांनी. टाकणारे तुम्ही होतात. तुम्ही गेला असतात तर मॅच गेली असती. मीसुद्धा तेच केलं असतं."

दिग्या, तीस वर्षं मी समजत होतो की तू ते माझ्यावर उपकार म्हणून केलंस. त्या उपकाराखाली मी वाकलो होतो, त्याचाच राग होता. पोरीनं तो हिशेब एका वाक्यात मोडून टाकला. तुला मी दिसलोच नव्हतो, तुला मॅच दिसत होती. आणि आता तीच खोड तिच्यात उतरलीय हे बघून माझं डोकं फिरलं. मी उभा राहून ओरडलो. "खबरदार! दुसऱ्याचा फाऊल अंगावर घ्यायचा नाही! कोणी कितीही मोठा टाकणारा असू दे, त्याचा त्याला निस्तरू दे! ऐकतेस का? ट्रायलला जाशील तेव्हा बॉल आला की टाकायचा!" समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. वहिनी कणकेच्या हातानं बाहेर आल्या, "भावजी, काय झालं?" म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून दारातच थांबल्या.

गौरी अजिबात घाबरली नाही. ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"मॅचचं कळलं मला, काका. मॅचमध्ये तुम्ही मागं होतात," ती म्हणाली. "पण त्या मीटिंगमध्ये तर तुम्ही पुढं होतात ना?"

वहिनींनीही ऐकलं, आणि त्यांनी मला चहा घ्या म्हटलं नाही. मी चालत घरी आलो आणि हे लिहायला बसलो, ज्याच्याशी बोलायचं तो गेल्यावर. दिग्या, दोन्ही फाऊल माझे होते.